निळा उत्सर्जक : रेणूच्या आराखड्यापासून पिक्सेलपर्यंतच्या नोंदी

१० मार्च २०२५

प्रकल्पाची पहिली बैठक आज झाली आणि उद्दिष्ट कागदावर आले. ओएलईडी पडद्यासाठी, म्हणजे सेंद्रिय थरांतून वीज सोडून प्रकाश मिळवणाऱ्या पडद्यासाठी, जड धातू नसलेला, शुद्ध निळा प्रकाश देणारा सेंद्रिय रेणू तयार करायचा. त्याच्या उत्सर्जनाचे शिखर ४६० ते ४७० नॅनोमीटरमध्ये असावे आणि अर्ध्या उंचीवरची रुंदी ३० नॅनोमीटरच्या आत असावी. बीटी.२०२० या पडद्यांच्या रंगमानकात रंग-आलेखावरचा निळ्याचा बिंदू ०.१३१ (आडवा) आणि ०.०४६ (उभा) असा दिलेला आहे. तिथपर्यंत पोहोचता आले नाही तरी दुसरा आकडा ०.१ च्या खाली ठेवायचा, असे ठरले.

निळ्याच्याच मागे का लागायचे, याचे कारण हिशेबात आहे. विद्युत्प्रवाहाने इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एकत्र आले की तयार होणाऱ्या एक्सायटॉनपैकी, म्हणजे उत्तेजित अवस्थांपैकी, सरासरी २५ टक्के सिंगलेट (इलेक्ट्रॉनांची फिरकी विरुद्ध) आणि ७५ टक्के ट्रिपलेट (फिरकी समांतर) असतात. साधा प्रतिदीप्त रेणू फक्त सिंगलेटमधून प्रकाश देतो. शिवाय सेंद्रिय थरांचा अपवर्तनांक १.७ ते १.८ च्या आसपास असल्यामुळे निर्माण झालेल्या प्रकाशापैकी जेमतेम पाचवा हिस्सा काचेतून समोर येतो. २५ टक्क्यांचे २० टक्के म्हणजे ५ टक्के. प्रभारांचा तोल अगदी बरोबर साधला आणि रेणूची स्वतःची क्वांटम कार्यक्षमता १०० टक्के धरली, तरी बाह्य कार्यक्षमता (आत सोडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या तुलनेत बाहेर आलेले प्रकाशकण) त्याच्या फारशी पुढे जात नाही. १९८७ मध्ये ईस्टमन कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन थरांचे पहिले व्यवहार्य उपकरण दाखवले, तेव्हा ती १ टक्क्याच्या आसपास होती.

१९९८-९९ मध्ये फॉरेस्ट आणि थॉम्पसन यांच्या गटांनी प्रथम प्लॅटिनमच्या आणि नंतर इरिडियमच्या संयुगांतून ट्रिपलेटचाही प्रकाश मिळवला. लाल आणि हिरव्याचा प्रश्न त्या मार्गाने सुटला. मोबाइलच्या ओएलईडी पडद्यात आज तेच पदार्थ आहेत. निळ्यासाठी मात्र उद्योगाला प्रामुख्याने प्रतिदीप्त पदार्थांवरच भिस्त ठेवावी लागली, कारण निळे फॉस्फोरेसंट (ट्रिपलेटमधून प्रकाश देणारे) पदार्थ लवकर झिजतात. दोन ट्रिपलेट एकत्र येऊन एक सिंगलेट बनण्याची प्रक्रिया तिथे थोडी मदत करते, पण बराचसा वाटा उष्णतेतच जातो. प्रत्येक पडद्यातली ही गळती थांबवायची, एवढेच आमचे काम आहे. ते सोपे असते तर आतापर्यंत कोणीतरी उरकले असते.

२१ मार्च

मार्ग निवडण्यावर चर्चा झाली. २०१२ मध्ये क्युशू विद्यापीठातील चिहाया अदाची यांच्या गटाने औष्णिकदृष्ट्या सक्रिय विलंबित प्रतिदीप्तीचा, म्हणजेच टीएडीएफचा मार्ग मोकळा केला. सिंगलेट आणि ट्रिपलेट यांच्यातले ऊर्जेचे अंतर इतके कमी ठेवायचे की खोलीच्या तापमानाला मिळणाऱ्या उष्णतेवर ट्रिपलेट परत वर चढावा आणि सिंगलेटमधून प्रकाश देऊन मोकळा व्हावा. खोलीच्या तापमानाची ऊर्जा सुमारे ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. अंतर ०.१ असेल तर बोल्ट्झमनचा गुणक सुमारे पन्नासात एक येतो, तेच ०.५ असेल तर जवळजवळ तीस कोटींत एक. म्हणजे हे अंतर चार-पाच पटींनी वाढले की परतीचा रस्ता बंदच झाला असे समजावे.

अंतर कमी करण्याची रूढ युक्ती अशी, की इलेक्ट्रॉन देणारा भाग आणि घेणारा भाग एकमेकांशी काटकोनाच्या जवळपास पिळून जोडायचे, म्हणजे होमो (इलेक्ट्रॉन असलेली सर्वांत वरची कक्षा) एका टोकाला आणि लुमो (सर्वांत खालची रिकामी कक्षा) दुसऱ्या टोकाला राहतो व दोघांमधली, हे अंतर ठरवणारी, विनिमय ऊर्जा घटते. अडचण अशी की त्या दोघांचा परस्परव्याप जितका घटतो, तितकी प्रकाश देण्याची ताकदही घटते, आणि उत्तेजित अवस्थेत रेणूचा आकार बराच बदलत असल्यामुळे वर्णपट ७० ते १०० नॅनोमीटर रुंद होतो. हिरव्यात हे खपून जाते. निळ्यात शिखर ४६५ ला असले तरी शेपूट हिरव्यात शिरते आणि डोळ्याला रंग आकाशी दिसतो. फिल्टरने शेपूट कापली, तर कष्टाने मिळवलेला प्रकाशही तिच्याबरोबर जातो.

दुसरा मार्ग क्वान्सेइ गाकुइन विद्यापीठातील ताकुजी हाताकेयामा यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवला. बोरॉन आणि नायट्रोजन एकाच ताठ, सपाट कडीव्यवस्थेत असे बसवायचे की होमो आणि लुमो लगतच्या अणूंवर आळीपाळीने वाटले जावेत. दूर ढकलण्याऐवजी शेजारी-शेजारी ठेवून व्याप कमी केला जातो. रेणू ताठ असल्यामुळे आकारही फारसा बदलत नाही. डाबना या नावाच्या त्या रेणूची वर्णपटरुंदी २८ नॅनोमीटर निघाली. २०१९ मधल्या न्यू-डाबनाने ती उपकरणात १८ वर आणली आणि बाह्य कार्यक्षमता ३४.४ टक्के दिली.

माझे मत बैठकीत मांडले, ते इथेही लिहून ठेवतो. रुंदी हा निळ्यातला पहिला निकष असावा, अंतर दुसरा. शोधनिबंधांच्या शीर्षकांत कमाल कार्यक्षमतेचा आकडा मिरवतो, पण ती बहुधा इतक्या मंद प्रकाशात मोजलेली असते की त्या प्रकाशात कोणी पडदा पाहत नाही. प्रकल्पप्रमुख मॅडमनी यावर, ‘‘परतीचा वेग विसरू नका, डाबना तिथेच अडतो,’’ असे बजावले. त्यांचा मुद्दा खरा आहे. डाबनाचे अंतर ०.१८ ते ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे आणि ट्रिपलेटमधून परत येण्याचा वेग सेकंदाला सुमारे दहा हजार, म्हणजे चांगल्या पिळलेल्या रेणूच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास.

४ एप्रिल

संगणकीय छाननी पूर्ण झाली. पिळलेल्या रेणूंसाठी नेहमीची कालावलंबी घनता-फलन पद्धत कामचलाऊ उत्तर देते, पण बोरॉन-नायट्रोजन कुटुंबात ती सिंगलेट-ट्रिपलेट अंतर प्रत्यक्षाहून बरेच जास्त दाखवते, कारण या अवस्थांत एकाच वेळी दोन इलेक्ट्रॉन उत्तेजित होण्याचा जो अंश असतो तो त्या पद्धतीत धरलाच जात नाही. म्हणून शेवटच्या उमेदवारांसाठी इलेक्ट्रॉनांमधला सहसंबंध अधिक नीट हाताळणारी, बरीच महागडी गणिते चालवली. संगणकावरचा ताण वाढला, पण क्रमवारी बदलली आणि त्यामुळे खर्च वसूल झाला.

निवड डाबनाच्याच सांगाड्याची केली असून त्याच्या बाहेरच्या कड्यांवर टर्ट-ब्युटिल गट लावायचे आहेत. सपाट रेणू एकमेकांवर रचले जातात आणि रंग लाल बाजूला सरकतो. हे फुगीर गट त्यांना अंतरावर ठेवतील. अर्थात प्रत्येक गटामागे रेणुभार ५६ ने वाढतो. मूळ डाबना ४२० च्या आसपास आहे, त्यामुळे चार-पाच गट चालतील. त्याहून जड रेणू निर्वातात बाष्पीभवन होण्याआधीच तुटू लागण्याची भीती असते.

२२ एप्रिल

मोजमापाची सर्व उपकरणे तपासून घेण्यासाठी आधी एक ओळखीचा रेणू बनवला : अदाचींच्या गटाचा २०१२ चाच ४सीझेडआयपीएन. टेट्राफ्लुओरोआयसोथॅलोनायट्राइलवरचे चारही फ्लोरीन कार्बाझोलने बदलायचे. सोडियम हायड्राइड, टीएचएफ हा विद्रावक आणि खोलीचे तापमान एवढ्यावर काम होते. भडक पिवळी भुकटी मिळाली.

टोल्युईनमधले तिचे द्रावण स्टॉपकॉक असलेल्या क्युव्हेटमध्ये (मोजमापाच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) घेऊन ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरले, तेव्हा हवेशी संपर्क असताना मळकट, थकलेला हिरवा रंग दिसत होता. मग बारीक सुईतून नायट्रोजनचे बुडबुडे सोडले. सुईच्या टोकापासून उजळ हिरवा पट्टा वर चढू लागला आणि पाहता पाहता सगळे क्युव्हेट पेटल्यासारखे दिसू लागले. टोपण उघडून हलवले की पुन्हा मंद. ऑक्सिजन हा स्वतः ट्रिपलेट असल्यामुळे रेणूच्या ट्रिपलेटची ऊर्जा ओरबाडून घेतो. प्रकाशाचा मोठा वाटा ट्रिपलेटमार्गे येत असल्याचा याहून सरळ पुरावा नाही. प्रसिद्ध आकड्यांनुसार हवेत १० टक्के असलेली या रेणूची कार्यक्षमता ऑक्सिजन काढल्यावर ९४ टक्क्यांवर जाते. नव्याने रुजू झालेल्या संशोधक विद्यार्थ्यांना सिद्धान्त शिकवण्याआधी हे दाखवावे, असे ठरवले आहे.

काल-विभेदी मोजणीतही (प्रकाश किती वेळाने येतो ते टिपणाऱ्या) तत्काळ भाग नॅनोसेकंदांत आणि विलंबित भाग मायक्रोसेकंदांत असा स्वच्छ वेगळा आला. उपकरणे विश्वासार्ह आहेत.

१५ मे

बोरॉन बसवण्याची पायरी मृगाआधी उरकायची, हे वेळापत्रकात सुरुवातीपासूनच होते. बोरॉन ट्रायब्रोमाइड हवेतल्या दमटपणानेही धुमसते आणि हायड्रोजन ब्रोमाइड सोडते. पुण्याच्या पावसाळ्यात त्याच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही.

आधीच्या टप्प्यात, मधल्या कार्बनवर क्लोरीन आणि त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांवर ब्रोमीन असलेल्या बेंझीन कडीला पॅलेडियमच्या साहाय्याने दोन डायअरिलअमाइन जोडली. ब्रोमीन आधी सुटतो आणि क्लोरीन जागेवर राहतो, याच्यावरच ही सगळी योजना उभी आहे. आज टर्ट-ब्युटिललिथियमने क्लोरीनच्या जागी लिथियम आणला, मग बोरॉन ट्रायब्रोमाइड घातले आणि शेवटी ह्यूनिगचा बेस घालून तापवले. बोरॉन दोन्ही बाजूंच्या कड्यांवर हल्ला करून स्वतःला मध्यभागी बंद करून घेतो आणि बाहेर पडणारा हायड्रोजन ब्रोमाइड बेस टिपून घेतो.

टीएलसी पट्टी (मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांत वेगळे करणारी) अतिनील दिव्याखाली धरली तेव्हा मूळ पदार्थाचा ठिपका जांभळट आणि मंद होता, तर त्याच्या जवळच एक नवा ठिपका इतका तेजस्वी निळा होता की पट्टीची पांढरी कडाही त्याने उजळली होती. प्रोटॉन एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते दाखवणाऱ्या चाचणीत) बोरॉनच्या लगतचे दोन प्रोटॉन ९ पीपीएमच्या आसपास एकटे उभे दिसतात. ते दिसले आणि कडी बंद झाल्याची खात्री पटली. उत्पादन कमीच आहे, पण पुढच्या मोजमापांना पुरेल.

२ जून

शुद्धीकरण. कॉलम आणि स्फटिकीकरणानंतरही पदार्थ उपकरणाच्या लायकीचा होत नाही, म्हणून तापमान-उतार असलेल्या नळीत निर्वात संप्लवन केले. नळीच्या गरम टोकाला काळपट कीट उरते. मधल्या भागात पिवळ्या सुयांचा दाट पट्टा बसतो. थंड टोकाकडे तेलकट, फिकट वलय येते, ते हलक्या अशुद्धींचे. काच कापून फक्त मधला पट्टा घ्यायचा आणि तोही पुन्हा एकदा नळीत घालायचा. कंटाळवाणे काम आहे, पण हॅलोजनचा किंवा पॅलेडियमचा अंशसुद्धा उपकरणाचे आयुष्य खातो. एचपीएलसी या शुद्धता-चाचणीत ९९.९ टक्के दिसले म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण उरलेल्या ०.१ टक्क्यात नेमके काय आहे, यावरच सारे अवलंबून असते. हॅलोजनची स्वतंत्र चाचणी करून घेण्यासाठी नमुना बाजूला काढला आहे.

१९ जून

विद्रावातले उत्सर्जन अरुंद आणि अपेक्षित जागी आहे. घन थरात मात्र प्रमाणावर सगळे ठरते. यजमान पदार्थात, म्हणजे थराच्या मुख्य पदार्थात, १ टक्का मिसळला असता वर्णपट विद्रावासारखाच राहतो. प्रमाण वाढवत नेले की शिखर हळूहळू उजवीकडे सरकते आणि लांब तरंगलांबीच्या बाजूला खांदा उगवतो. टर्ट-ब्युटिल गटांनी रेणूंची रचाई लांबवली आहे, थांबवलेली नाही.

विलंबित भागाचा आयुःकाल कित्येक दहा मायक्रोसेकंदांइतका लांब आहे. मॅडमचा इशारा इथे डोळ्यांसमोर आला : ट्रिपलेट इतका वेळ रेंगाळला, तर प्रवाह वाढताच त्यांची गर्दी होणार.

८ जुलै

पहिले उपकरण. इंडियम टिन ऑक्साइडची काच धुऊन अतिनील-ओझोनमध्ये ठेवली, मग निर्वातात एकापाठोपाठ एक थर चढवले : होल आत सोडणारा, होल वाहून नेणारा, इलेक्ट्रॉन अडवणारा, यजमानात १ टक्का उत्सर्जक असलेला प्रकाशथर, इलेक्ट्रॉन वाहून नेणारा, १ नॅनोमीटर लिथियम फ्लोराइड आणि शेवटी १०० नॅनोमीटर ॲल्युमिनियम. सगळे सेंद्रिय थर मिळून १०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे सातशेव्या-आठशेव्या भागाइतके. थराची जाडी मोजणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या मापकावर १ टक्क्याचा वेग स्थिर ठेवणे हे यातले सर्वांत नाजूक काम आहे. आकडा शेवटच्या दशांश स्थळी थरथरत राहतो.

रंग चोख आला. पिक्सेल पेटताच खोलीतल्या सगळ्यांना तो आकाशी नसून निळा असल्याचे न मोजताच कळले. मंद प्रकाशात कार्यक्षमता साध्या प्रतिदीप्तीच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे स्पष्टपणे गेली. पण चौरस मीटरला १०० कँडेलावरून १००० कडे जाताना आलेख उतारावरून घसरावा तसा खाली आला. १९ जूनच्या नोंदीतली गर्दी ती हीच : ट्रिपलेट एकमेकांना मारतात, आणि वाटेत भेटलेल्या प्रभारांकडूनही मारले जातात. नुकसान कार्यक्षमतेपुरते थांबत नाही. ४६० नॅनोमीटरचा एक्सायटॉन २.७ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो. दोघांची ऊर्जा एकाच रेणूवर आली तर ती ५ च्या वर जाते, आणि कार्बन-नायट्रोजनचे बंध तेवढ्याने सहज तुटू शकतात. निळ्याचे आयुष्य कमी का, याचे उत्तर मुख्यतः या बेरजेत आहे.

काही पिक्सेलमध्ये दुसऱ्याच दिवशी काळे ठिपके दिसले. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक ठिपका गोल दिसतो आणि त्याच्या मध्यभागी एखादा कण असतो. तिथे ॲल्युमिनियमला सुईएवढे छिद्र पडून ओलावा आत शिरतो आणि वर्तुळ बाहेरच्या दिशेने वाढत जाते. हा दोष रेणूचा नसून बंदिस्तीचा आहे, म्हणून ती उपकरणे आयुष्याच्या मोजणीतून वगळली. ग्लव्हबॉक्सचा ओलावा १ पीपीएमच्या खालीच होता. इपॉक्सीच्या कडेत शोषक चकती घालायला सुरुवात केली आहे.

२९ जुलै

दोन पर्याय समोर होते : सांगाडा मोठा करून न्यू-डाबनाच्या दिशेने जायचे, किंवा काम दोन रेणूंत वाटून द्यायचे. न्यू-डाबनाचे अंतर ०.०१७ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे आणि परतीचा वेग सेकंदाला दोन लाखांच्या घरात. तरीही पिळलेल्या चांगल्या रेणूंपेक्षा तो कमीच. आम्ही वाटणीचा पर्याय घेतला. अदाचींच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलेली ही पद्धत आता हायपरफ्लुओरेसन्स या नावाने ओळखली जाते. पिळलेला टीएडीएफ रेणू ट्रिपलेटना भराभर वर आणतो आणि आपली सिंगलेट ऊर्जा दुरूनच अरुंद उत्सर्जकाकडे सोपवतो. प्रकाश देण्याचे काम तेवढे दुसऱ्याचे.

सहायक रेणू कोणता, यावर बराच वेळ गेला. ४सीझेडआयपीएन इथे निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्सर्जन ५०७ नॅनोमीटरला, म्हणजे आमच्या उत्सर्जकाहून कमी ऊर्जेचे. पाणी चढावर वाहत नाही. डाबनाचा शोषणपट्टा ४३७ नॅनोमीटरच्या आसपास असल्यामुळे सहायकाच्या उत्सर्जनाची डावी बाजू त्यावर पडायला हवी. गंमत अशी की रुंद वर्णपट, जो उत्सर्जकात दोष ठरला होता, तोच सहायकात उपयोगी पडतो. यजमानाची ट्रिपलेट ऊर्जा सहायकाहून जास्त असायला हवी. त्यासाठी सर्रास वापरला जाणारा डीपीईपीओ हा यजमान ऊर्जेच्या दृष्टीने उत्तम, पण टिकाऊपणात कच्चा आहे. त्यामुळे त्याला हात लावायचा नाही, असे मॅडमनी एका वाक्यात संपवले.

उत्सर्जक १ टक्क्याच्या वर न्यायचा नाही, हेही ठरले. तो जवळ आला की ट्रिपलेट ऊर्जा थेट त्याच्याकडे उडी मारते आणि तिथे पुन्हा अडकते. दूरचे सिंगलेट हस्तांतरण अनेक नॅनोमीटरवर चालते, ट्रिपलेटची उडी मात्र १ नॅनोमीटरच्या आसपासच. या दोन अंतरांमधल्या फरकावरच सगळी मदार आहे. बाहेरचे टर्ट-ब्युटिल गट याही कामी येतात.

२१ ऑगस्ट

दिवाबत्तीच्या उपयोगाबद्दल विचारणा आली होती. पडद्याला हवा असलेला अरुंद वर्णपट पांढऱ्या दिव्यात उलट अडचणीचा ठरतो. वस्तूंचे रंग नीट दिसायला सलग, रुंद वर्णपट लागतो. त्यासाठी पिळलेले टीएडीएफ रेणूच योग्य, आणि निळ्याची तक्रारही तिथे सौम्य होते, कारण आकाशी रंगही चालतो. या प्रकल्पात तो भाग घेतलेला नाही.

९ सप्टेंबर

तीन घटकांच्या थराची उपकरणे मोजून झाली. वर्णपटात सहायकाचा अवशेष अगदी अस्पष्ट आहे, म्हणजे ऊर्जा जवळजवळ पूर्ण सोपवली जाते. शिखर आणि रुंदी पहिल्या उपकरणासारखीच राहिली. १००० कँडेलावरची घसरण थांबलेली नाही, पण आलेखाचा तीव्र उतार बराच सौम्य झाला आहे, आणि विलंबित आयुःकाल आखडल्याचे काल-विभेदी मोजणीतही दिसते. कमाल कार्यक्षमता पहिल्यापेक्षा फार वेगळी नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही. पडदा ज्या तेजावर चालतो तिथला आकडा सुधारला आहे.

आयुष्याची मोजणी स्थिर प्रवाहावर सुरू केली. तेज निम्म्यावर येईपर्यंतचा काळ लिहिण्याची प्रथा असली तरी आम्ही ९५ टक्क्यांवर येण्याचाच काळ नोंदवणार आहोत, कारण एकच रंग ५ टक्क्यांनी उतरला की पडद्याचा पांढरा पिवळसर दिसू लागतो. जास्त तेजावर मोजून कमी तेजाचा अंदाज बांधताना घातांक १.५ ते २ च्या दरम्यान धरतात, १.५ धरला की २ धरला, यावर उत्तर सहज दुप्पट-तिप्पट बदलते, त्यामुळे अहवालात घातांक लिहिल्याशिवाय एकही अंदाज द्यायचा नाही, असे ठरले.

पुढच्या हप्त्यासाठी दोन कामे मंजूर झाली. पहिले, सहायकातील सर्वांत कमकुवत कार्बन-नायट्रोजन बंधाशेजारच्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) घालून आयुष्य बदलते का, ते पाहणे. दुसरे, २०२२ मध्ये हेप्टाझीन या नायट्रोजनयुक्त कडीव्यवस्थेच्या एका संयुगात सिंगलेट ट्रिपलेटच्या ०.०११ इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली सापडला, त्या उलट्या क्रमाच्या रेणूंची संगणकीय छाननी. हेप्टाझीनचा सांगाडा लहान, सममित आणि मुळातच दुबळा प्रकाश देणारा आहे, त्यामुळे बदल कुठे करायचा, हे गणित झाल्यावरच ठरेल. शुद्ध उत्सर्जकाचा उरलेला साठा ॲम्प्यूलमध्ये बंद करून फ्रीजरमध्ये ठेवला असून हॅलोजन चाचणीचा निकाल आल्याशिवाय त्यातून नवा थर चढवायचा नाही.